सासवांची वंशावळ

माझ्या सासूबाईंना, म्हणजे संगीताबाईंना, डहाणूच्या मासळी बाजारात कोणी शहाणपण शिकवायला गेलं, तर ते माणूस मुकाट्याने बोंबील विकत घेऊनच परत जातं. अशी बाई २०१६च्या मे महिन्यात एक नोटीस हातात धरून माझ्यासमोर गप्प बसली, तेव्हाच मी ओळखलं की प्रकरण साधं नाही.

नवा मासळी बाजार बांधून झाला होता. दारालगतचे अकरा ओटे पिढीजात विकणाऱ्यांना, बाकीच्यांनी मागे, कोंबडीवाल्यांच्या पलीकडे. आमच्या वरोर गावच्या अकराजणी पिढीजात नाहीत, टेम्पो सुरू झाल्यावर येऊ लागल्या, असं बाजाराच्या कमिटीत कोणीतरी ठोकून दिलं होतं. पुराव्याला महिन्याची मुदत. मागे कोण मरायला येणार मासे घ्यायला? दारातली जागा गेली की धंदा गेला, एवढं मलाही कळत होतं, आणि मी तर तारापूरला कारखान्याच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसणारी.

"आपली जागा जमनाची हाय," सासूबाई म्हणाल्या. "राणीच्या राज्यापासून."

"कोण जमना?"

"जमना म्हणजे जमना. आणि कोण?"

मी बी.कॉम. झालेली. एका रविवारात वंशावळ तयार केली: माझा नवरा दिपक, त्याचे वडील, त्यांचे वडील, असं थेट पणजोबांच्याही वर. रंगीत प्रिंट काढून कमिटीच्या कारकुनापुढे ठेवली. त्याने ती वरपासून खालपर्यंत वाचली आणि विचारलं, "मॅडम, यातल्या कोणी बाजारात मासे विकले?"

एकानेही नाही. आमच्यात पुरुष होडीवर जातात, बाजार बायकांचा. मच्छीमारांच्या घरची सून असून मला ते सुचू नये! सपशेल तोंडावर आपटले.

सासूबाई मात्र चार दिवसांत पहिल्यांदा हसल्या. "जागा काय बापाकडून पोराला जाते गो? सासूची सुनेला जाते." आणि सुरमई कापता कापता त्यांनी सांगितलं: मी संगीता, माझी सासू तानी, तिची सासू बायजी, तिची नवशी, तिची जमना. सुनेला पहिल्यांदा बाजारात बसवताना ही नावं सांगायची रीत. मला ती कोणी सांगितलीच नव्हती, कारण मी कधी बसले नव्हते.

नावं झाली, कागद कुठून आणायचा? रजा टाकून मी सरकारी कचेरीच्या जुन्या दप्तरखान्यात तीन खेपा घातल्या, तेव्हा कुठे बाजारासंबंधी एका मोडी अर्जाची झेरॉक्स हाती लागली. चिंचणीचे निवृत्त मास्तर नविन सर मोडी वाचतात. त्यांना घरी बोलावलं, चहा दिला, आणि वरोरच्या आम्ही सगळ्याजणी त्यांच्या तोंडाकडे बघत बसलो.

अर्ज १८९३ सालचा, मामलेदारांना केलेला. 'आम्ही एका गावच्या अकरा बायका बाजाराचे दाराशी मासे विकतो. आम्हांस उठवून मागे वाळूत घालतात. तसे न व्हावे.'

सव्वाशे वर्षांपूर्वीही हेच!

पण गावाचं नाव वाळवीने खाल्लेलं. आणि खाली काय, तर अमक्याची बाईल, तमक्याची बाईल. अकरा जणी भांडायला गेल्या आणि एकीचंही स्वतःचं नाव नाही! लिहिणाऱ्या कारकुनाचा मी तिथेच उद्धार केला. शेवटची होती 'मयत लक्ष्याची बाईल'. माझ्या वंशावळीच्या टोकालाही एक लक्ष्या होता, पण लक्ष्या तर त्या काळी गावोगाव पैशाला पासरी.

"निशाण्या बघा," नविन सर म्हणाले. "अंगठ्याऐवजी बायका बांगडी काढायच्या." दहा नावांपुढे दहा गोल होते. लक्ष्याच्या बायकोपुढे मात्र मासा, आणि त्याला शेपट्या दोन.

सासूबाई ताडकन उठल्या, पडवीतली बाजाराची टोपली आणून त्यांनी सरांच्या पुढ्यात पालथी घातली. बुडाला काळ्या रंगात दोन शेपट्यांचा मासा. वरोरच्या टोपल्या बाजारात एकत्रच जातात, अदलाबदल होऊ नये म्हणून घरागणिक खूण ठरलेली. आमची ही.

"जमना रांडाव होती," त्या म्हणाल्या. "हातात बांगडीच नाय, तर काढंल कशी? टोपलीवरची खूण काढली तिनं." आणि त्या ढसाढसा रडू लागल्या. मीही रडले. मास्तरांनी चष्मा पुसला.

कमिटीपुढे मी अर्ज वाचला, टोपली टेबलावर पालथी ठेवली, पाच नावं म्हणून दाखवली. अध्यक्षांनी नाकाला रुमाल लावला, पण खूण दोनदा ताडून पाहिली. "ठीक आहे, संगीताबाईंचा ओटा दारात. बाकीच्या मागे."

कोणीही हो म्हटलं असतं. सासूबाई म्हणाल्या, "कागदावर एका गावच्या अकरा जणी हायेत सायेब. जमना एकटी नाय गेलती. मी पण एकटी नाय बसणार. सगळ्या नायतर कोणीच नाय."

मला वाटलं, घालवलं सगळं! तेवढ्यात मागे बसलेल्या आमच्या बायकांतून रूपीकाकी उठली आणि आपल्या सासूचं, तिच्या सासूचं नाव सांगू लागली. मग दुसरी उठली, तिसरी. पार जमनाच्या काळापर्यंत सासवाच सासवा! चौथी संपता संपता अध्यक्षांनी हात जोडले. अकराही ओटे वरोरचे. बायकांनी असा गलका केला की रस्त्यावरचे लोक खिडकीशी जमले.

फॉर्म भरताना कारकुनाने विचारलं, "ओट्याला वारस?"

"सून. वर्षा."

"अहो, मी कुठे मासे विकते?"

"मग शिक. की जमनाची जागा माझ्यावर संपवायची?"

मी सही केली. पुढच्या रविवारी मी पहिल्यांदा दारातल्या ओट्यावर बसले आणि दोन मोठी पापलेटं मातीमोल देऊन टाकली. सासूबाईंनी भर बाजारात माझी अक्कल काढली. इतका आनंद मला पदवी घेतानाही झाला नव्हता.