राणीच्या गालावरची रेघ

१९६५च्या सप्टेंबरात लढाई पेटली आणि जबलपूरचे कारखाने दोन-दोन पाळ्यांत चालू लागले. त्याच महिन्यात विनता सिव्हिल लाइन्समध्ये बाबारावांकडे कामाला लागली. बाबाराव निवृत्त तहसीलदार. डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणून आपली जुनी नाणी पुसून त्यांची यादी करायला त्यांना कुणीतरी हवं होतं.

तिसऱ्या आठवड्यात एक राणीछाप रुपया भिंगाखाली धरून ते थबकले. राणीच्या गालावर रेघ होती. विनतानं मळ काढताना टाचणी ओढली, असं त्यांनी ठरवूनच टाकलं. तिनं टाचणी लावली नव्हती. पण काही ऐकून न घेता त्यांनी उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं.

घरी आल्यावर तिनं भावाला, नीलकंठला, सगळं सांगितलं. तो कारखान्यात प्रेसवर ठसे उठवायचा.

"रेघ खोल आहे का वर उठून आहे?" त्यानं विचारलं.

तिनं पाहिलंच नव्हतं.

"डायला, म्हणजे छाप उठवायच्या साच्याला, तडा गेला की धातू त्या तड्यात शिरतो, अन् मालावर रेघ उठून येते. असा माल आम्ही रोज बाजूला काढून राहिलो. टाचणीनं तर खाच पडते. उंचवटा कसा येईल?"

सकाळी फाटकाशी विनताचे पाय अडले. तरी ती आत गेली. कामावर घ्या असं ती म्हणालीच नाही.

"काका, एकदा त्या रेघेवरून नख फिरवून बघा."

बाबारावांनी नाखुशीनं नख फिरवलं. ते खाचेत उतरलं नाही, उंचवट्याला अडलं. पुन्हा फिरवलं, पुन्हा तसंच. रेघ उठलेली होती. रुपया टांकसाळीतूनच तसा निघाला होता.

"चूक माझी झाली, बेटा," ते म्हणाले.

मग त्यांनी आपला लाडका तांब्याचा पैसा पुढे केला. त्याच्यावरचा चरा टांकसाळीतला दोष आहे, असं ते वर्षानुवर्षं सांगत आले होते. विनतानं भिंग लावलं. चरा अक्षरं कापत खोल गेला होता आणि दोन्ही कडांना तांबं सरकून आलं होतं. खोटं बोलणं सोपं होतं.

"हा नंतर पडलेला आहे, काका."

त्यांचा चेहरा उतरला. पण थोड्या वेळानं त्यांनी कपाट उघडायला सांगितलं. सगळी नाणी पहिल्यापासून पाहायची होती.

दिवाळीनंतर कॉलेजचे एक प्राध्यापक नाणी पाहायला आले आणि बाबारावांना काहीतरी विचारू लागले. बाबारावांनी आपली खुर्ची सरकवून विनताला जागा करून दिली.

"हिला विचारा," ते म्हणाले.