उंबऱ्याबाहेरची गृहभेट

मालविकाताईंची स्कूटी हदगावहून गावात आली की पाटलांच्या आळीत त्यांचा घरोघर चहा व्हायचा. बौद्धवस्तीत मात्र स्कूटी पिठाच्या गिरणीपाशीच थांबायची आणि हॉर्न वाजायचा. लहान लेकरांची तब्येत, वाढ, समज त्यांच्या घरी जाऊन बघायची, यासाठी नेमलेली ही बाई. कामाचं नावच गृहभेट. त्यातलं गृह तेवढं वगळून बाकी सगळं व्हायचं!

वस्तीतली समीक्षा दर वेळी आपल्या धम्मानंदला कडेवर घेऊन गिरणीपाशी जायची. तिच्या जिवाला एकच घोर लागला होता. कडी वाजो की ताट पडो, लेकरू मान वळवत नव्हतं. "ताई, याला ऐकू येत नसंल का?" लेकराला पाचवा महिना लागल्यापासून तिनं दोनदा विचारलं. दोन्ही वेळा ताईंनी गिरणीच्या घरघरीत त्याच्या डोळ्यांपुढे खुळखुळा हलवला. पोरगं बघून हसलं. "छान आहे की! उगाच काळजी करता," म्हणत त्यांनी फोटो काढला आणि स्कूटी वळवली. डोळ्यांची परीक्षा घेऊन कानांना पास करणारी असली मास्तरीण!

घरी सासू, सरजाबाई, समजूत घालायची. "तिच्या तोंडी लागू नको माय. उन्हातान्हात येती बिचारी. यायचीच बंद झाली तर?"

समीक्षाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. बिचारी म्हणे! पाटलांकडे हीच बिचारी मांडी घालून बसते.

धम्मानंदला नववा महिना लागला तेव्हा पुन्हा हॉर्न वाजला. समीक्षा जागची हलली नाही. हॉर्न वाजतच राहिला. शेवटी ताई चालत आल्या आणि अंगणात थांबल्या.

"अहो, बाळाला बाहेर आणा ना."

"लेकरू घरात खेळून राहिलंय. आत या."

"बाहेर उजेडात बरं दिसतं हो."

"आतबी लाईट हाय."

"आज घाई आहे. पुढच्या वेळी नक्की..."

"मग भेट झाली न्हाई म्हणून वर कळवा. माझं लेकरू आता रस्त्यावर येणार न्हाई."

सरजाबाईंनी सुनेचा दंड धरला. समीक्षानं शब्द मागे घेतला नाही. ताईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. पण लेकराच्या फोटोशिवाय भेट धरली जात नाही. ओढणी आवरत त्या आत आल्या.

धम्मानंद दाराकडे पाठ करून डब्याच्या झाकणाशी खेळत होता. समीक्षानं त्याच्यामागे बसून ताटावर उलथनं दाणकन हाणलं. ताई दचकल्या. बाहेर कुत्रं भुंकलं. लेकरानं झाकण तोंडात घातलं. तिनं पुन्हा हाणलं. लेकरू झाकण चाखत राहिलं.

ताईंचा चेहरा उतरला. "अगंबाई! हे आधी का नाही सांगितलं?"

"सांगितलं की! रस्त्यावर सांगितलं, गिरणीपुढं." समीक्षाचा आवाज फाटला. "याला ऐकू येत न्हाई, त्यात कुणाचा दोष न्हाई. पण चार महिने वाया गेले ते तुमच्यापायी. तुमचा पाय आत वळंना म्हणून!"

ताईंनी नांदेडच्या दवाखान्यासाठी चिठ्ठी लिहिली. "मी स्वतः येते सोबत," त्या पुटपुटल्या.

इतका वेळ सुनेला आवरणाऱ्या सरजाबाई उठल्या. त्यांनी नातवाला उचलून छातीशी धरलं. डोळे भरले होते, आवाज मात्र खणखणीत होता.

"चिठ्ठी द्या. न्यायला आमी हाव. तुमी शेजारच्या घरात जावा. तिथंबी लेकरू हाय."