शिळ्या मालावर ताजी तारीख

मित्रांनो, कॉलेजच्या जिन्याखालच्या खोलीत, मोडक्या खुर्च्यांच्या मागे जो जुना सर्व्हर घरघरत असतो, तो मी. मला 'मिरर' म्हणतात, म्हणजे आरसा. काही भली माणसं सॉफ्टवेअर तयार करतात आणि सगळ्यांना मोकळेपणाने वाटतात. ते एका मुख्य सर्व्हरवर असतं. तिथे झुंबड उडू नये म्हणून माझ्यासारखे आरसे दर चार तासांनी तिथला माल उतरवून घेतात आणि आपापल्या भागातल्या लोकांना देतात.

मला इथे बसवलं ते प्रयोगशाळेच्या बाईंनी. सुरुवातीला त्या रोज येऊन माझ्या नोंदी वाचायच्या, पंख्यावरची धूळ पुसायच्या. पाहुण्यांना कौतुकाने सांगायच्या की हा कधी दमत नाही. मी फुगून जायचो. पुढे बाईंच्या गळ्यात आणखी दोन खोल्यांचं काम पडलं. त्यांचं येणं आठवड्यावर गेलं, मग महिन्यावर. खुर्च्या आल्या त्या तेव्हाच.

एका सोमवारी माझी डिस्क काठोकाठ भरली आणि नवा माल उतरेना. इथवर मला दोष देऊ नका. पण प्रत्येक फेरीच्या शेवटी 'माल ताजा आहे' असं लिहून तारीख टाकायचं कामही माझंच होतं, आणि ते मात्र मी एकदाही चुकवलं नाही. माल आला की नाही हे न बघता तारीख टाकत राहिलो. मुख्य सर्व्हर ती वाचायचा आणि विश्वासाने माणसं माझ्याकडे पाठवायचा.

मंगळवारी एका प्रोग्रामची दुरुस्त आवृत्ती निघाली. दवाखान्यात लसीकरणाच्या नोंदी ठेवायचा तो प्रोग्राम. जुन्या आवृत्तीत एक खोट होती, एका मुलाची तारीख दुसऱ्याच्या नावावर जायची. नवी आवृत्ती घ्या, असा सगळ्यांना निरोप गेला. गुरुवारी सकाळी एका लहान दवाखान्यातल्या नर्सताईंनी ती मागितली. मी जुनीच दिली. आवृत्तीचा आकडा तपासायचा असतो, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

पुढच्या चार दिवसांच्या लसीकरण मोहिमेत दोनशे बारा मुलांच्या तारखांचा गोंधळ झाला. डॉक्टरांनी सगळ्यांदेखत नर्सताईंना विचारलं, निरोप वाचला नव्हता का. त्या एवढंच म्हणाल्या, "वाचला होता. नवीनच घेतलं होतं मी."

कोणाचा विश्वास बसला नाही. हे मला नंतर बाईंच्या फोनवरच्या बोलण्यातून कळलं. नर्सताईंनी प्रोग्रामवाल्यांना पत्र लिहिलं, त्यांनी माग काढला, आणि तो थेट माझ्यापाशी आला.

बाईंनी खुर्च्या ओढून बाजूला केल्या आणि माझ्या नोंदी उघडल्या. फेरीमागून फेरी 'जागा नाही', आणि प्रत्येकीखाली 'माल ताजा आहे'. त्यांनी एकेक ओळ खालपर्यंत वाचली. मला तेव्हा बंद पडावंसं वाटलं. मग त्यांनी डॉक्टरांना फोन लावला. "चूक तुमच्या नर्सची नाही. आमच्या मशीनची आहे. आणि मी त्याच्याकडे बघितलं नाही, म्हणून माझी."

त्यांना नर्सताईंचीही माफी मागायची होती. पण त्या दवाखान्यात नव्हत्या. वही घेऊन घरोघर फिरत होत्या, मुलांच्या आयांना तारखा विचारत.

बाईंनी मला नवी डिस्क बसवली. आता सगळा माल नीट उतरला तरच मला तारीख टाकता येते. मागे पडलो, तर मी तसं कळवतो आणि मुख्य सर्व्हर लोकांना दुसऱ्या आरशाकडे धाडतो. बाई दर सोमवारी येतात. तो दवाखाना मात्र माझ्याकडे पुन्हा आला नाही. येऊही नये.

मित्रांनो, उशीर झाला तर झाला म्हणावं. त्यात लाज नाही. आणि ज्याच्यावर काम टाकलंय, त्याच्याकडे अधूनमधून डोकावावं. त्या दोनशे बारांपैकी बारा मुलांच्या तारखा शेवटपर्यंत सापडल्या नाहीत. त्यांना लस पुन्हा टोचावी लागली. ती रडली असतील, आणि का रडावं लागलं हे त्यांना कधीच कळणार नाही. मला ठाऊक आहे.