गुरुवारची कॉफी

मित्रांनो, मला जुनी म्हणा, खटारा म्हणा, मी चिडणार नाही. मी एक मोटारसायकल आहे आणि माझ्या रागाची कारणं वेगळी आहेत.

चाकणच्या ज्या कारखान्यात मी तयार झाले, तिथं गणराज सीटचे बोल्ट आवळायचा. माझेही त्यानंच आवळले असतील. लग्न झाल्यावर त्यानं मला कासारवाडीला घरी आणलं.

त्याची बायको योगिनी. तीही तेव्हा चाकणलाच कामाला. तिकडच्या कारखान्यांना सुट्टी गुरुवारी. सगळं जग कामावर असायचं आणि आम्ही मोकळ्या रस्त्यानं तळेगाव, कामशेत ओलांडून पवना धरणाच्या वाटेला लागायचो. तिथं शैलाताईंचा छोटा कॅफे होता. मी बाहेर आंब्याखाली, ते दोघं आत खिडकीशी. पहिल्यांदा बिनसाखरेची कॉफी तोंडात घेतली तेव्हा गणराज म्हणाला होता, "ताई, हे औषध कशावरचं?"

"तुमच्या नाइट शिफ्टवरचं!" शैलाताई म्हणाल्या. योगिनी इतकी हसली की मला बाहेर ऐकू आलं.

मग योगिनीला माणच्या आयटी पार्कातल्या ऑफिसात नोकरी लागली. तिथं सुट्टी शनिवार-रविवार. झालं! एका घरात दोन माणसं आणि दोघांच्या सुट्ट्यांची कधी गाठच नाही. कारखान्यातली यंत्रं एका दिवशी थांबतात, एका घरातली माणसं नाही. हा कसला कारभार?

गणराज कंपनीच्या बसनं जाऊ लागला. मी कव्हराखाली पडले. उंदरांनी वायरी कुरतडल्या. शेजारचा दिग्विजय म्हणाला, "भावा, कुजवतोस कशाला? मला विकून टाक."

"रविवारी संध्याकाळी ने," गणराज म्हणाला. त्यानं माझ्या वायरी बदलून घेतल्या. मग गुरुवारी बंद कारखान्यात देखभालीला येऊन रविवारी सुट्टी घेणाऱ्या सोबतच्या नंदकिशोरला आपला गुरुवार देऊन त्याचा रविवार घेतला आणि योगिनीला म्हणाला, "शेवटचं एकदा कॅफेला जाऊन येऊ."

रविवारी तिथं फाटकापर्यंत मोटारी. वेटर म्हणाला, "नाव सांगा, वेळ लागेल." खिडकीशी दुसरंच कुटुंब बसलेलं. योगिनी बाहेरून नुसती बघत राहिली.

"चल," गणराज म्हणाला. "आपला दिवस नव्हे हा."

तेवढ्यात शैलाताई ट्रे घेऊन बाहेर आल्या. त्या दोघांच्या शेजारून तशाच पुढे गेल्या आणि माझ्यापाशी थबकल्या.

"अगं बाई, ही तर गुरुवारची गाडी!" मग मागे वळून, "आणि तुम्ही दोघं कुठं उलथला होता एवढी वर्षं?"

आत जागा नव्हतीच. त्यांनी दोन कॉफ्या बाहेरच आणून दिल्या. दोघं माझ्या सीटवर आडवे बसून प्याले. योगिनीनं रिकामा कप जमिनीवर ठेवला.

"अहो, दिग्विजयला नाही म्हणून सांगा."

"चिडेल तो."

"चिडू दे. ताईंनी आपल्याला ओळखलं का? हिला ओळखलं."

मी विकली गेले नाही. पण त्यानंतर नंदकिशोरनं पुन्हा रविवार दिला नाही. त्यालाही घरदार आहे.

मित्रांनो, मला धुऊनपुसून ठेवा असं मी सांगणार नाही. उद्या तुम्ही कारखाने चालवाल, ऑफिसं चालवाल. तेव्हा एका घरातल्या माणसांना एका दिवशी मोकळं सोडा. एवढंही जमणार नसेल, तर आम्हाला बनवता तरी कशाला?

मी कव्हराखाली आहे. टाकीत पेट्रोल आहे.