पर्समधलं कुलूप

मोबाइल समोरच्या टेबलावरच्या स्टीलच्या डब्यात आहे, हे ठाऊक असूनही बुद्धप्रियाचा हात पुन्हा पुन्हा बाकावर त्याला शोधत होता. सकाळी वर्गात शिरतानाच इंद्रजीत सरांनी सगळ्यांचे फोन त्या डब्यात टाकून घेतले होते. स्वयंसेवी संस्था चालवणाऱ्यांसाठी विद्यापीठाने सुरू केलेल्या या शनिवारच्या वर्गात आज शिकणे कमी आणि थांबणे अधिक होते. नियम साधा होता. संस्थाप्रमुखाने दिवसभर आपल्या संस्थेकडे फिरकायचे नाही, फोन करायचा नाही, निरोप धाडायचा नाही. संध्याकाळी उभे राहून सांगायचे, की आपल्यावाचून काय अडले.

बुद्धप्रियाचे सांगोला या एका दिवसावर अडून बसले होते. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यांत कामाला येणाऱ्या बायांच्या लेकरांसाठी ती पाळणाघर चालवत असे. तसेच एक सांगोल्याला, डाळिंबाच्या बागांत राबणाऱ्या बायांसाठी उघडायचे तिने कधीचे मनात धरले होते. पण संस्थेचे अध्यक्ष त्रिंबककाका अडून होते. तू नसताना सोलापूरचे एक दिवस नीट चालू दे, मग सांगोल्याचे बोलू. नाहीतर दोन्हीकडे तूच धावशील आणि दोन्ही बसतील, असे ते म्हणाले होते. म्हणणे रास्त होते, म्हणूनच तिला ते बोचत राहिले.

आदल्या संध्याकाळी तिने सावित्रम्माला आणि रेश्माला जवळ बसवून समजावले होते. सावित्रम्मा पाळणाघरातली सर्वांत जुनी मावशी, विणकरांच्या घरातली. रेश्मा दोन वर्षांपूर्वी आलेली. उद्या विद्यापीठात माझी परीक्षा आहे, फोन बंद असेल, तुम्हीच बघायचे, एवढेच तिने सांगितले. परीक्षा म्हटल्यावर सावित्रम्माने गंभीरपणे मान हलवली होती.

आणि तरीही आज उजाडता उजाडता, वर्गाला निघण्याआधी, बुद्धप्रिया पाळणाघरावर गेलीच. रोजच्यासारखे दार तिनेच उघडले, सतरंज्या अंथरल्या, दुधाच्या पातेल्यात डोकावून पाहिले. वर्ग अजून सुरू झालेला नाही, तेव्हा नियम मोडला असे होत नाही, अशी तिने स्वतःची समजूत घातली. सावित्रम्मा रस्त्याच्या वळणावर दिसली तेव्हा ती लगबगीने बसथांब्याकडे निघाली.

आता फळ्यावर सर काहीतरी लिहीत होते आणि तिच्या डोळ्यांसमोर सोनी येत होती. दहा महिन्यांची ती पोर इतर कुणाच्या हातून घासच घेत नसे. ओठ घट्ट मिटून घेई, मान फिरवी, आणि बुद्धप्रियाने मांडीवर घेतले की मुकाट्याने तोंड उघडी. आज ती उपाशी असेल. तापलीही असेल. आणि लेकरू ताब्यात देताना ते जमिनीवर न ठेवता आईच्या हातात द्यायचे आणि दिवसभर त्याने काय खाल्ले, कसे झोपले ते तोंडी सांगायचे, ही पाळणाघराची रीत आज कुणी पाळेल का?

शेजारच्या बाकावर करमाळ्याचे आबासाहेब होते. गावातल्या एकट्या म्हाताऱ्यांना ते घरपोच जेवण देत. त्यांचाही पाय सारखा हलत होता. जेवणाच्या सुट्टीत बुद्धप्रिया पर्स उचलून दाराकडे निघाली, तेव्हा ते हळूच म्हणाले, "ताई, हात धुवायला चाललाय का अक्कलकोट रोडला?"

"पाणी प्यायला."

"मग लांबचं पाणी दिसतंय. लवकर या. सरांनी विचारलं तर मला खोटं बोलता येत न्हाय."

रिक्षा शहराच्या या टोकाहून त्या टोकाला पोचेपर्यंत तिने मांडीवरची पर्स घट्ट धरली होती. पर्स नेहमीपेक्षा जड लागत होती, पण त्याकडे तिचे लक्ष नव्हते. पाळणाघराच्या गल्लीत उतरल्यावर ती पाहतच राहिली. दाराला कुलूप होते. आत आवाज नाही, बाहेर चपला नाहीत. पायरी ओली होती आणि चौकटीखालून पाण्याचा ओघळ अजून येत होता.

तिने पर्समध्ये हात घालून चावी काढली. चावी कुलपात जाईना. उलटी करून पाहिली, जोर लावला, तरी जाईना. ती पुन्हा पर्स चाचपू लागली आणि तळाशी बोटांना गार लोखंड लागले. पाळणाघराचे कुलूप तिच्याच पर्समध्ये होते. रोज दार उघडले की कुलूप पर्समध्ये टाकायचे आणि संध्याकाळी तेच लावायचे, ही तिची जुनी सवय. सकाळी गडबडीत ती ते घेऊन थेट विद्यापीठात गेली होती. दारावर लटकत होते ते कुणाचे तरी दुसरेच, गंजके, लहानसे कुलूप.

समोरच्या चहाच्या टपरीवर शिवप्पा बसला होता. तिला पाहून त्याने आश्चर्याने विचारले, की ताई, तुम्हाला कळले नाही का? गच्चीवरची टाकी फुटून पाणी आत आले, पोरे सगळी मागच्या वस्तीतल्या बुद्धविहारात नेली. निरोप द्यायला ती रेश्मा कारखाना न् कारखाना हिंडली. यंत्रमागांच्या आवाजात फोन कुठला ऐकू येतो, आणि दारावर चिठ्ठी लावावी तर निम्म्या आयांना मराठी वाचता येत नाही.

विहाराच्या दारात ती थबकली. सभागृहाच्या खांबांना साड्यांच्या झोळ्या बांधल्या होत्या. थोरली लेकरे ओळीने झोपली होती. खिडकीशी रेश्मा बसली होती, तिच्या मांडीवर सोनी होती, आणि सोनी खिचडी खात होती. पंख्याकडे बघत, पाय हलवत, घासामागून घास.

बुद्धप्रियाला हायसे वाटायला हवे होते. वाटलेही. पण त्याच्या आधी छातीत काहीतरी टोचून गेले, आणि ते काय होते हे ओळखून तिची तिलाच लाज वाटली.

सावित्रम्माने तिला पाहिले आणि तिचा चेहराच उतरला. ती लगबगीने दाराशी आली.

"ताई, तुमी कशाला आलात? आज तुमची परीक्षा होती की."

"दाराला कुलूप दिसलं, सावित्रम्मा. जीव खाली-वर झाला."

"ते माझ्या घरचं हाय. आपलं सापडलंच न्हाय, सगळीकडं बघितलं." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "आता जावा परत. तुमी आलतात हे आमी कुणाला सांगत न्हाय. रेश्माला पण सांगते. नापास नका होऊ, एवढं केलं आमी सगळ्यांनी."

बुद्धप्रियाने चप्पल काढली नाही. उंबऱ्याबाहेरूनच तिने पर्समधले कुलूप काढले, चावी त्याला अडकवली आणि दोन्ही सावित्रम्माच्या हातात दिले. सावित्रम्मा कुलपाकडे बघत राहिली, मग तिच्याकडे, आणि पदर तोंडाला लावून हसू लागली. रागवायचे तिला सुचले नाही, हेच बुद्धप्रियाला सर्वांत कठीण गेले.

वर्गात ती उशिरा पोचली. आबासाहेबांनी सरकून जागा दिली. संध्याकाळी तिचे नाव आले तेव्हा ती उभी राहिली. सावित्रम्माने दिलेले आश्वासन तिच्या कानांत होते. गप्प राहिली असती तर सांगोला जवळजवळ हातात होते.

"मी गेले होते," ती म्हणाली.

सरांनी विचारले, "तुमच्यावाचून काही अडलं होतं?"

"कुलूप अडलं होतं. ते माझ्याकडे होतं."

कुणीतरी हसले. सर हसले नाहीत. नियमाप्रमाणे तुमचा दिवस धरता येणार नाही, पुन्हा करावा लागेल, असे त्यांनी सांगितले, आणि डब्याचे झाकण काढले. ज्याने त्याने आपापला फोन उचलला. आबासाहेबांचा हातात घेताच वाजू लागला. बुद्धप्रियाच्या फोनवर एकही कॉल आलेला नव्हता. तिने तो बंद करून चालू केला. तरी नाही.

बाहेर लिंबाखाली उभे राहून तिने त्रिंबककाकांना फोन लावला आणि झाले ते सगळे सांगितले. पहाटे दार उघडले तेही.

"म्हणजे सांगोला लांबलं म्हणायचं," काका म्हणाले.

"काका, सोमवारी जागा बघायला जाऊ या. पहिल्या एसटीनं. तोच माझा दिवस धरा."

"आणि इकडे सकाळी दार कोण उघडणार?"

"कुलूप सावित्रम्माकडं आहे."

काकांनी हुं म्हटले आणि एसटीच्या वेळा बघतो असे सांगून फोन ठेवला. बुद्धप्रिया बसथांब्याकडे चालू लागली. सोमवारी विहारातून सतरंज्या परत आणायला कुणी लक्षात ठेवेल का, टाकी दुरुस्त करणाऱ्याला कोण सांगेल, सोनीला सकाळचे दूध कोण देईल, एकेक मनात येत होते. हात सवयीने पर्सच्या तळाशी गेला, तिथे काही नाही हे कळले, तरी थोडा वेळ तिथेच राहिला.