धुतलेला अंगरखा

“हा कोणी धुतला?”

अंगणातल्या दोरीवर माझा आगीचा अंगरखा उलटा लटकत होता. गळा खाली, बाह्या खाली, जणू माणूसच टांगलाय. खालच्या मातीत साबणाचं पाणी अजून मुरत होतं.

सून ओल्या हातांनी दारात आली. हसत आली. “मी, आई. दुपारभर घासला. केवढी घाण निघाली! बादल्याच्या बादल्या काळं पाणी.”

“घाण?”

“हो ना. लीद काय, घाम काय, तेल काय. वास तर असा की मांजर जवळ फिरकेना. तुम्ही रोज तो अंगावर चढवता, मला बघवेना.”

त्या घाणीसाठी मी एक आख्खं वर्ष घालवलं होतं.

शेजारच्या पागेला आग लागून तिथली जनावरं कोळसा झाली, तेव्हा आमच्या मालकांनी हा सरंजाम आणला. गुडघ्याखाली जाणारा जाड अंगरखा, खांद्यांना आणि कोपरांना कातडं लावलेला. कोपरापर्यंतचे हातमोजे. समोर काच आणि मागे मानेवर झालर असलेला टोप. शिवाय घोड्यांच्या डोळ्यांवर बांधायला मऊ कापडाच्या पट्ट्या, कारण आग दिसली की घोडं बाहेर यायचं सोडून आपल्या खणाच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहतं. मालक म्हणाले, अंगरखा एकच आहे, कोण घालणार? मी म्हटलं, विचारता काय! या पागेत माझ्याहून जुनी फक्त भिंत आहे.

पहिल्या दिवशी तो घालून मी ऐटीत आत गेले. भुरी घोडीने मला पाहिलं आणि लाथेसरशी खणाची फळी मोडली. तिच्या शेजारची घोडी ठमकी किंचाळली. रावसाहेबांनी, म्हणजे आमच्या सगळ्यांत थोरल्या घोड्याने, माझ्याकडे सरळ पाठ केली. आग लागायच्या आधीच मी पागा पेटवली म्हणायची. तेव्हा कळलं, की आत कोण आहे ते घोड्याला दिसत नाही. त्याला दिसतो तो एक चालता-बोलता राक्षस.

मग मी तो राक्षस रोज अंगावर घेतला. चंदी घालताना, पाणी पाजताना, लीद ओढताना, खरारा करताना. भर उन्हाळ्यात घामाच्या धारा लागायच्या, पण काढला नाही. मला पाठीमागे सगळे फौजदारीण म्हणतात, ते मला ठाऊक आहे आणि आवडतंही. नालबंद मात्र तोंडावर म्हणायचा, “फौजदारीण, चंद्रावर निघालात की काय?”

“निघाले. चल, तुला तिकडेच सोडून येते.”

होता होता अंगरखा जुन्या गोधडीसारखा मऊ पडला. सगळ्या घोड्यांचा वास त्याला लागला. भुरी त्याच्या बाहीला नाक घासायला लागली. रावसाहेब खिसे हुंगायला लागले. आणि आमच्या सूनबाईंनी तो धुतला.

“कोणाला विचारून धुतलास?”

तिचं हसू मावळलं. “मला वाटलं...”

“तुला वाटलं! वाटायला ठेवलंय तुला घरात? वर्षभराची कमाई तू मोरीत सोडलीस.”

लेक मध्ये पडला. “आई, अगं, चांगल्यासाठीच केलं ना तिने.”

“तू गप्प बस. बायकोची वकिली करायला तुझं शिक्षण कमी पडतंय.”

“मला कोणी सांगितलंच नव्हतं,” ती म्हणाली.

“सांगायला काय दवंडी पिटवायची होती? तूही तिथेच काम करतेस ना? डोळे नाहीत तुला?”

काम करत होती, हे खरं. लग्न होऊन आली आणि महिनाभरात पागेत लीद उचलायला लागली. मी नव्हतं ठेवलं, मालकांनी ठेवलं. माझ्या हाताखाली माझीच सून, म्हणजे घरचं भांडण पागेत आणि पागेतलं घरात. त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात भांडी जरा जास्तच आपटली. मी ऐकू येत नसल्यासारखं केलं.

दुसऱ्या दिवशी अंगरखा वाळला तो लाकडासारखा. जमिनीवर ठेवला तर आपला आपण उभा राहिला. कातडं कडक, कापड कडक, हातमोज्यांची बोटं तर वाकता वाकेनात. तरी घातला आणि गेले. नव्याने ओळख करून द्यायची तर आजपासूनच. पाऊल टाकलं की खर्र, हात उचलला की खर्र. सगळ्या पागेचे कान टवकारले.

“आज कोट बोलतोय,” नालबंद म्हणाला.

“तू बोलण्यापेक्षा बरं बोलतोय.”

म्हटलं खरं, पण जिवाला चैन नव्हतं. भुरीपुढे चंदी धरली, तिने मान फिरवली. एका बाजूला साबणाचा वास, दुसऱ्या बाजूला ती खरखर. वाळक्या गवताला जाळ लागल्यावर जसं वाजतं ना, नेमकं तसं. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या घालत राहिले. बसले की उठावंसं वाटायचं, उठले की कुठे जायचं ते कळायचं नाही. सून समोरून लीद ओढत होती, तिच्याकडे बघत नव्हते. ती भुरीच्या खणात शिरली तेव्हा भुरीने तिच्या खांद्यावर हनुवटी टेकली. तेही मी पाहिलं नाही.

दुपार कलली आणि चाऱ्याच्या खोलीतून धूर आला.

चारा कापायच्या यंत्राची तार ठिणग्या टाकते, हे आठवडाभर सगळे एकमेकांना सांगत होते. आता ती ठिणगी वाळक्या गवतात पडली होती. लेक ओरडत धावला. त्याला मी म्हटलं, “तू बाहेरच्या फाटकावर उभा राहा. आलेलं घोडं कुंपणात घे आणि फाटक लाव. एकही परत फिरता कामा नये.” मालक आणि नालबंद पाण्याच्या नळ्या ओढायला लागले. मी टोप चढवला आणि पट्ट्या घेऊन आत शिरले.

सात घोडी एका रांगेत. भुरी दाराजवळ, रावसाहेब पार शेवटी, चाऱ्याच्या खोलीला लागून. धूर अजून वरच होता, छताशी. भुरीच्या डोळ्यांचं पांढरं दिसत होतं. पट्टी बांधायला मी दोन्ही हात वर केले आणि अंगरखा वाजला. खर्र. भुरी मागच्या पायांवर उभी राहिली.

“चल गं बाई माझी, काही नाही, काही नाही.” टोप काढून फेकला. आवाज तिला ओळखीचा होता, पण हात हलवला की पुन्हा खर्र. ती कोपऱ्यात शिरली. थरथरत.

“आई, सरका.”

सून. अंगात रोजचे कपडे, डोक्याचा रुमाल ओला करून तोंडाला बांधलेला.

“बाहेर हो तू!”

“सरका म्हणते ना!”

माझ्याशी असं कोणी बोलत नाही. मी सरकले. तिने भुरीच्या मानेला खांदा लावला, एका हाताने पट्टी फिरवून गाठ मारली, दावं सोडलं आणि भुरी तिच्यामागून कोकरासारखी निघाली.

ती परत येईपर्यंत मला सुचलं. तिच्या अंगावर जाळ अडवणारं काही नव्हतं आणि माझ्या अंगावरच्याला घोडी भीत होती. “तू घोड्याच्या तोंडाशी राहा,” मी म्हटलं. “मी आगीच्या बाजूने चालते. घोड्याचे डोळे बांधल्यावरच मला हाक मार.” पुढच्या घोड्याला तिने पट्टी बांधली, हाक मारली, मी दोन्ही हातांनी अंगरखा पसरला आणि ती आणि जाळ यांच्यामध्ये भिंतीसारखी चालत राहिले. ठिणग्या माझ्या पाठीवर पडत होत्या, तिच्या नाही. ठमकी बाहेर गेली. तिच्या पुढचा गेला. त्याच्या पुढचा गेला. करता करता सहा बाहेर झाली, राहिले रावसाहेब. आम्ही दोघी एकमेकींना शिव्या देत होतो, पण पावलं बरोबर पडत होती.

रावसाहेबांच्या खणाला लोखंडी अडसर आहे. त्या कडक हातमोज्यांनी तो धरता येईना. बोटं वाकतच नव्हती. मी मोजे काढले आणि अडसर उचलला. तळव्यांचं काय झालं ते तेव्हा कळलं नाही. वास आला तेवढाच.

“चला रावसाहेब, चला की,” ती म्हणाली. त्यांना अदबीने बोलावल्याशिवाय ते पाऊल टाकत नाहीत. पट्टी बांधून घेतली त्यांनी. अर्ध्या वाटेपर्यंत आले. मग छताची फळी आमच्यामागे कोसळली, दावं तिच्या हातातून निसटलं, पट्टी एका डोळ्यावरून घसरली, आणि ते वळले. आपल्या खणात परत गेले. घोड्याला घर म्हणजे तेच.

ती त्यांच्यामागे पळाली.

मी तिला मागून धरलं. तिने कोपर मारलं. “सोडा! येतायत ते! आई, सोडा, येतायत!”

“नाही येत.”

“पट्टी घसरली फक्त! मी बांधते!”

तिचे डोळे त्या जाळावर खिळले होते. पाय जमिनीत रोवलेले. ओढून हलेना. इतकी वर्षं घोडी सांभाळली, हे असं उभं राहणं मी ओळखते. मी अंगरखा अंगावरून उतरवला आणि तिच्या डोक्यावरून टाकला, पार डोळ्यांखाली येईल असा. तिला काही दिसेनासं झालं. मग खांदा तिच्या मानेला लावला.

“चल गं बाई माझी. काही नाही. काही नाही. चल.”

ती चालायला लागली. आतमध्ये रावसाहेब एकदा ओरडले. मी मोठ्याने बोलत राहिले, तिला ऐकू जाऊ नये म्हणून. काय बोलले ते मलाही आठवत नाही.

आग विझली तेव्हा सूर्य मावळतीला टेकला होता. बाहेरच्या कुंपणात सहा घोडी एकमेकांना चिकटून उभी होती. डॉक्टर येऊन माझे दोन्ही हात मनगटापर्यंत गुंडाळून गेला. बोटं म्हणून काही दिसत नव्हतं, नुसते दोन पांढरे गोळे. सून थोडी बाजूला बसली होती. भुवया जळालेल्या. माझ्याकडे पाठ करून.

मालक आले. नालबंद, पाणक्या, शेजारच्या पागेतली माणसं, सगळे भोवती जमले. मालकांचा चेहरा काळवंडला होता, काही धुराने, काही रावसाहेबांमुळे.

“फौजदारीण,” ते म्हणाले. तोंडावर पहिल्यांदाच म्हणाले. “रागवून नाही विचारत. पण भुरीपाशी तुमचा एवढा वेळ का गेला? वर्षभर तो कोट घालून वावरलात ना तुम्ही? घोडी बिचकली कशी? तेवढा वेळ गेला नसता तर...”

नालबंद अंगरख्याकडे बघत होता. आता तो काळा पडला होता. धुतलेला होता की नव्हता, हे कोणाच्या बापाला कळलं नसतं. सकाळी तो का वाजत होता, हे विचारायला नालबंदाने तोंड उघडलं होतं.

सूनही उभी राहिली. “मालक, तो मी...”

“माझे हात थरथरले,” मी म्हटलं.

नालबंदाची मान माझ्याकडे वळली.

“वय झालं. पट्टी बांधता येईना मला. घोड्याला कळतं ते. दोनदा प्रयत्न केला, नाही जमलं. हिने बांधली म्हणून बाकीची आली.” मी मालकांकडे बघत होते, दुसरीकडे कुठेच नाही. “यापुढे हिला सांगा काय ते. आत जायचं काम माझं नाही राहिलं.”

नालबंदाने तोंड मिटलं. तीस वर्षांत माझ्या तोंडून असं काही त्याने ऐकलं नव्हतं. मालकांनी मान हलवली आणि ते घोड्यांकडे गेले. शेजारच्या पागेतला एक जण दुसऱ्याला हळूच म्हणाला, “म्हातारी थकली रे.” त्याला वाटलं, मला ऐकू आलं नाही.

कोणीतरी चहा आणला. सगळ्यांना कप मिळाले. माझ्यापुढे कप ठेवला आणि तो माणूस ओशाळून निघून गेला, कारण हे गोळे घेऊन मी तो धरणार कशाने? मी कपाकडे पाहत बसले. मागायची मला सवय नाही.

सून आली. कप उचलला. सगळ्यांसमोर तिने तो माझ्या ओठांना लावला. मी एक घोट घेतला.

“साखर कमी आहे,” मी म्हटलं.

“एवढीच मिळेल,” ती म्हणाली.

चहा माझ्या हनुवटीवरून सांडत होता, आणि सगळे बघत होते. मी तो शेवटपर्यंत प्यायले.