सहा दोष तुमचे, सात माझे

मंगळवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी मला खोक्यातून बाहेर काढण्यात आले. दहा वाजून एकवीस मिनिटांनी माझ्यातला पहिला दोष सापडला.

मित्रांनो, मी एक नवी बास गिटार आहे. आत्मवृत्त सांगायला वस्तू जुनी असावी लागते, हे मला ठाऊक आहे. जुन्या छत्र्या आणि जुन्या सायकली सांगतात तशी पन्नास वर्षांची कहाणी माझ्याकडे नाही. या घरात येऊन मला सात दिवस झाले आहेत. पण या सात दिवसांत मला जे धक्के बसले, ते एखाद्या छत्रीला जन्मभरात बसले नसतील. म्हणून सांगते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तीन फळ्या चिकटवून माझे अंग तयार झाले. ते कापले, सहा वेळा घासले आणि त्यावर गडद निळा रंग चढवला. त्या रंगाखालून लाकडाच्या रेषा दिसत. शेवटी मॅट, म्हणजे चकाकी नसलेल्या लॅकरचा हात दिला आणि आम्हाला आकड्यांना टांगून वाळत ठेवले. तिथे माझा आकडा सरकला. मी खाली पडणार, तेवढ्यात जाड चष्म्याच्या एका कामगार बाईने मला अंगठ्याने अडवले. लॅकर अजून ओले होते. तिने इकडेतिकडे पाहिले, मला नीट अडकवले आणि पुढे ढकलले. नंतर दांडा जोडला, खुंट्या बसवल्या, चार तारा चढवल्या. शेवटच्या टेबलावरच्या माणसाने एकेक तार छेडून पाहिली, मान हलवली आणि 'पास' अशी चिठ्ठी लावली.

मी त्या चिठ्ठीवर विश्वास ठेवला. मला वाटले, आपल्यात काही खोट नाही.

ज्या बाईने मला विकत घेतले तिला कामावर सगळे भिंगताई म्हणतात. ती मोटारींच्या कारखान्यात रंग तपासते. पांढऱ्या दिव्यांच्या बोगद्यातून एकेक गाडी तिच्यासमोर येते आणि ती हातमोजा घातलेला तळवा तिच्यावरून फिरवते. धुळीचा कण, रंगाचा ओघळ, केसाएवढा ओरखडा, काहीही असो, तिच्या हाताला आधी कळते आणि डोळ्याला मागून. सापडलेल्या प्रत्येक दोषाभोवती ती मेणाच्या पिवळ्या पेन्सिलीने गोल काढते. बावीस वर्षे ती हेच करत आली आहे.

दर रविवारी ती आणखी तिघांबरोबर एका गॅरेजमध्ये वाजवते. तिचा धाकटा भाऊ तिथे ड्रम वाजवतो. आजवर ती त्याचीच जुनी बास वाजवत होती. त्या बासची एक खुंटी पकडीने फिरवावी लागे. घरातले कपाट, टेबल, शिवणयंत्र, सगळे कोणी ना कोणी आधी वापरलेले. भिंगताईला एक तरी वस्तू अशी हवी होती, जिला आपल्याआधी कोणाचा हात लागलेला नाही. ती वस्तू म्हणजे मी.

त्या मंगळवारी तिची दुपारची पाळी होती. कामाचा कोट तिने घरीच चढवला होता. तिने मला खिडकीजवळच्या टेबलावर उताणे ठेवले, टेबलदिवा आडवा धरला आणि तळवा फिरवायला सुरुवात केली. मित्रांनो, मला वाटले, ही कौतुक करते आहे.

"कण," ती म्हणाली. लॅकरखाली तिळाएवढा धुळीचा कण होता. मग कडेला ओरखडा. वळणाच्या आत ओघळ. दांड्याच्या जोडाशी रंगाची कड वेडीवाकडी. एका स्क्रूचे डोके झिजलेले. आणि सहावा दोष पाहून ती खुर्चीतून उठलीच.

"अहो, इकडे या. ओल्यात अंगठा लावलाय कोणीतरी. रेषा न् रेषा दिसतेय."

तिचा नवरा बस चालवतो. तो चहाचा कप घेऊन आला आणि वाकून पाहू लागला.

"मला तर काहीच दिसत नाही."

"तुम्हाला बसच्या दाराला पडलेला पोचा दिसला नव्हता."

"तू मला लग्नाआधी असंच दिव्याखाली धरून पाहिलं होतंस का गं?"

"तेव्हा दिवा नव्हता हाताशी. म्हणून पास झालात."

तो हसला. ती हसली नाही. माझ्या अंगात मात्र चार तारांपर्यंत थरकाप गेला होता. 'पास' म्हटलेल्या शरीरावर सहा दोष, आणि तेही एका चहाच्या वेळात.

आणि त्यानंतर जे घडले त्याला एक मिनिटही लागले नाही. भिंगताईचा हात कोटाच्या खिशात गेला. पिवळी पेन्सिल बाहेर आली. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. प्रत्येक दोषाभोवती एक गोल. तिच्या लक्षातही आले नाही. हाताने आपले रोजचे काम केले. तिने सहा फोटो काढून दुकानाला पाठवले. फोटोंत ते गोल ठळक दिसत होते, पण दुकानदाराने ते पाहिले, की केवळ दोष पाहिले, कोण जाणे. थोड्या वेळात त्याचा फोन आला.

"मॅडम, हे कॉस्मेटिक आहे, नुसतं दिसण्यापुरतं. आवाजावर काही परिणाम नाही."

"कॉस्मेटिक म्हणजे काय हो? माझी आख्खी नोकरी कॉस्मेटिक आहे."

"तसं नाही म्हणत मी. सात दिवसांत बदलून देतो ना. फक्त जशी आली तशी परत द्या."

"तशीच देणार. मला काय हौस आहे तिला हात लावायची?"

फोन ठेवून तिने कपडा घेतला आणि पहिला गोल पुसला.

गोल पुसला गेला नाही.

भट्टीतून निघालेल्या मोटारीचा रंग काचेसारखा असतो. मेण त्यावर नुसते बसते, एका फटक्यात निघते. मी मॅट आहे. माझ्या लाकडाची बारीक छिद्रे अर्धी उघडी आहेत. मेण त्यांत जाऊन बसले होते. तिने जोर लावला. पिवळा रंग फिकट झाला, पण गेला नाही. मग तिने कामावरून आणलेले स्पिरिट बोळ्यावर घेतले आणि अंगठ्याच्या ठशाभोवतीचा गोल चोळला. गोल होता तिथेच राहिला. त्याच्या शेजारी मात्र तळव्याएवढा डाग पडला, आणि मॅट निळ्यात तो आरशासारखा चकाकू लागला.

भिंगताई खाली बसली. नवऱ्याने कप धुतला, पुसला, जागेवर ठेवला आणि मग हळूच विचारले, "निघेल ना?"

"दोष शोधायला बसले," ती म्हणाली, "आणि दोष करून उठले."

मित्रांनो, बुधवारी आणि गुरुवारी मी उघड्या खोक्यात पडून होते. कोणी तार छेडली नाही. येता-जाता ती एकदा माझ्याकडे पाही आणि मान वळवी. परत गेले तर माझे काय होईल, हे मला वाटेतल्या गोदामात कळले होते. तिथे एका फळीवर परत आलेली वाद्ये होती. कोणाच्या खुंट्या काढलेल्या, कोणाच्या तारा. त्यांचे सुटे भाग दुसऱ्यांना लावतात.

शुक्रवारी संध्याकाळी धाकटा भाऊ आला. त्याने मला उचलले, स्पीकरला जोडले आणि सर्वात जाड तार वाजवली. खिडकीची काच थरथरली. त्याने पुन्हा वाजवली. मग दांड्यावर खालपासून वरपर्यंत एकेक सूर काढत गेला आणि कुठेच थांबला नाही.

"ताई, ही बदलू नकोस."

"का? तुला पिवळा रंग आवडला?"

"ऐक तर. कुठलीही बास घे, एखाददुसरा सूर लगेच विरतो, मरतोच. हिच्यात एकही मेलेला नाही. बदलून जी येईल ती दिसायला स्वच्छ येईल, पण अशी वाजेल कशावरून?"

"आणि मला रोज हे गोल दिसणार, त्याचं काय?"

"मग परत दे आणि सांग, गोल आधीपासूनच होते. कारखान्यातच कोणीतरी तपासताना मारले असतील. कोणाला कळणार?"

सल्ला साधा होता आणि खपला असता. भिंगताईने भावाकडे असे पाहिले, की तो ड्रमच्या काठ्या शोधू लागला. काठ्या त्याने आणल्याच नव्हत्या.

त्याच संध्याकाळी तिने दुकानाला पत्र लिहिले. तिच्या रोजच्या तपासणीच्या कागदासारखे, क्रमांक टाकून. शेवटी लिहिले होते: 'यांपैकी सहा दोष तुमचे. सहा गोल आणि एक डाग मिळून सात माझे. पेन्सिल माझी, स्पिरिटही माझे. पाहून ठरवा.' खाली सही. मी पहिल्यांदा हादरले होते ते दोष सापडले म्हणून. या वेळी हादरले ते वेगळ्या कारणाने. मला परत देऊन नवी मिळवण्यासाठीसुद्धा ही बाई एक शब्दही खोटा बोलायला तयार नव्हती.

शनिवारी उत्तर आले. सोमवारी चार ते सहाच्या दरम्यान दुकानाचा माणूस येईल. त्याने पाहून होकार दिला तर तो मला घेऊन जाईल आणि नवी पाठवली जाईल. ठेवायची असेल तर तसे त्याला दारातच सांगावे. त्यानंतर काही बदलता येणार नाही.

रविवारी ती मला गॅरेजमध्ये घेऊन गेली. नाइलाजच होता, जुन्या बासची ती खुंटी शेवटी तुटली होती. आम्ही तीन तास वाजवले. पहिल्या तासात तिची मान खाली, नजर गोलांवर. दुसऱ्या तासात भावाने वेग वाढवला आणि तिला मान वर करावी लागली. तिसऱ्या तासात माझ्या जाड तारेवर तिचे बोट असे पडू लागले, जसे कोणी ओळखीच्या दारावर थाप मारते. सामान आवरताना त्या तिघांतली गाणारी बाई म्हणाली, "डिझाइन छान आहे हो. हे पिवळे गोल मुद्दाम मागून घेतले का?"

भिंगताईचे तोंड उघडे राहिले. "घेतले नाहीत," ती म्हणाली. "पडले."

मित्रांनो, इथे मला तुमच्याशी दोन शब्द बोलायचे आहेत. घरी नवी वस्तू आली की तिचे दोष जरूर पाहा. ते आपणच शोधायचे असतात. पण तिला पुसायला, घासायला काही लावणार असाल, तर आधी मागच्या बाजूला, कोपऱ्यात, नखाएवढ्या जागेत लावून पाहा. आणि दिव्याखाली धरण्याआधी एकदा वाजवा. भिंगताईने मला पहिल्यांदा वाजवले ते सहाव्या दिवशी. तोवर तिला माझे अंग पाठ झाले होते आणि आवाज माहीत नव्हता.

आज सोमवार. भिंगताईने रजा घेतली आहे. खोके दाराशी उघडे आहे. त्यातला थर्माकोल तिने नीट लावून ठेवला आहे. चार वाजल्यापासून ती मला मांडीवर घेऊन बसली आहे. साडेचारला नवऱ्याने विचारले, "ठरलं का?"

"दोष तेरा आहेत," ती म्हणाली.

"ते मला माहीत आहे. ठरलं का, ते विचारलं मी."

काल अडलेला एक तुकडा ती पुन्हा पुन्हा वाजवत राहिली.

पाच वाजून नऊ मिनिटांनी खाली गाडी थांबली. पाच वाजून अकरा मिनिटांनी दारावरची घंटा वाजली. नवरा उठून दाराशी गेला आहे. तिने वाजवणे अजून थांबवलेले नाही.